चार्ज१, चार्ज२ आणि हमाली

मागच्या अंकात मी जाता जाता म्हटलं होतं की प्रोग्रॅम लिहायला आठ दिवस लागतात आणि सांभाळायला आठ वर्षं. त्यावर बरीच पत्रं आली आणि निम्म्या पत्रांत एकच वाक्य होतं: ‘ज्या मुलाने करून दिलं तो आता पुण्यात असतो.’ नाशिकचं हे जुनंच दुखणं. मुलं शिकतात कॉलेज रोडला आणि नोकरीला हिंजवडीत. मी गेले नाही. १९८९ पासून सातपूरच्या एका कारखान्याच्या ईडीपी, म्हणजे कॉम्प्युटर विभागात होते, पुढे गंगापूर रोडवर दोन खोल्यांचं स्वतःचं ऑफिस थाटलं. या सगळ्या काळात मी बहुतेक वेळ दुसऱ्यांनी लिहिलेलाच कोड दुरुस्त केला. नवीन काही उभारल्याचं श्रेय माझ्या नावावर फारसं नाही. त्यामुळे उत्तरांत प्लंबरचा सूर लागला तर सांभाळून घ्या.

ताई, आमची पिंपळगाव बसवंतला टोमॅटो आणि कांद्याची आडत आहे. शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशोब, करायचं सॉफ्टवेअर भाच्याच्या मित्राने अकरा वर्षांपूर्वी करून दिलं. तो आता पुण्यात असतो. मागच्या हंगामात तोलाई बदलायची होती म्हणून दुसऱ्या मुलाला बोलावलं. त्याने तोलाई बदलली तर क्रेटचं भाडंही बदललं. तो म्हणतो, ‘काका, हे सगळं फेकून द्या, नवीन करू, दोन लाख रुपये.’ काय करावं? – एक आडतदार

दोन लाख देऊ नका. निदान आत्ता तरी नको.

तुम्ही कोडची चार पानं छापून सोबत जोडलीत हे फार बरं केलंत, लोक नुसती तक्रार पाठवतात. पहिल्या पानावर मला चार्ज१, चार्ज२, चार्ज३, टेम्प, टेम्पनवा आणि टेम्पनवाफायनल अशा नावांचे, आकडे ठेवायचे डबे भेटले. हिशोब जुळवत गेले तेव्हा कळलं की चार्ज१ म्हणजे हमाली आणि चार्ज२ म्हणजे तोलाई, माल तोलण्याचे पैसे. तिसऱ्या पानावर क्रेटच्या भाड्यालाही चार्ज२च लावलेला दिसला, आणि तुमचं भूत तिथेच बसलंय. तो मुलगा काही मूर्ख नव्हता. त्या वर्षी तोलाईचा आणि क्रेटच्या भाड्याचा आकडा योगायोगाने सारखा असणार, म्हणून त्याने एकच डबा दोन्हीकडे वापरला. ‘एकच गोष्ट दोनदा लिहू नये’ असं त्याला कॉलेजात शिकवलेलं असतं आणि ते बरोबरही आहे. पण आकडा एक असला म्हणून गोष्ट एक होत नाही. एका गल्लीत दोघांच्या घराचा नंबर सात असला म्हणून पोस्टमन दोघांची पत्रं एकाच घरात टाकत नाही. तोलाई ठरवणारे वेगळे, क्रेटचं भाडं ठरवणारे तुम्ही. ज्या दोन आकड्यांना बदलायची कारणं वेगळी, ते कोडमध्ये वेगळे ठेवायचे, आज सारखे असले तरी.

आणि हे चार्ज१, चार्ज२ काय प्रकार आहे? हमाली, तोलाई, वाराई हे शब्द बाजाराने पिढ्यान् पिढ्या वापरून नेमके केलेले आहेत. त्यांच्यावरून नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत भांडणं झाली आहेत, लिलाव बंद पडले आहेत, इतका प्रत्येकाचा अर्थ पक्का आहे. कोड रोमन लिपीत लिहा, हरकत नाही, पण हमालीला हमालीच म्हणा. ‘लेबर चार्ज’ केलंत की हमाली आणि तोलाई एक झाली, आणि तुमचा मुनीम आणि तुमचा प्रोग्रॅमर दोन भाषा बोलू लागले. मुनीम फोनवर सांगतो, ‘वाराई चुकतेय,’ आणि प्रोग्रॅमर वाराई नावाची गोष्ट शोधत बसतो जी कोडमध्ये नाहीच.

आता फेकून देण्याबद्दल. मी १९९६ मध्ये एक ओळ फेकली होती, ती अजून लक्षात आहे. कारखान्याचा पगार फॉक्सप्रो या तेव्हाच्या डेटाबेस सॉफ्टवेअरवर चालायचा. त्यात एक विचित्र अट होती: टोकन नंबर ४१०० ते ४१८६ असेल तर रात्रपाळीचा भत्ता दीडपट. वर ना नाव, ना तारीख, ना कारण. मला वाटलं, कुणीतरी तपासणीसाठी घातलेली राहून गेली. काढून टाकली, कोड कसा स्वच्छ दिसायला लागला! सात तारखेला पगार झाला आणि साडेआठला टाइम ऑफिससमोर गर्दी. ती सगळी माणसं बंद पडलेल्या दुसऱ्या युनिटमधून घेतलेली होती आणि त्यांचा भत्ता कमी करायचा नाही असा युनियनशी करार होता. करार फाइलमध्ये, फाइल कपाटात आणि कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते साहेब गावी. मी बाहेर येऊन माफी मागितली. एका वयस्कर कामगाराने मला पाणी आणून दिलं, ते जास्त लागलं.

जुना कोड कुरूप दिसतो तो बऱ्याचदा अशा करारांमुळे. तुमच्याच दुसऱ्या पानावर बघा. शेतकऱ्याकडून आडत, म्हणजे तुमचं कमिशन, वजा करायची ओळ आहे आणि ती शून्याने गुणलेली आहे. ओळखलंत ना? जुलै २०१६ मध्ये भाजीपाल्याची आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. त्या गडबडीत कुणीतरी घाईघाईने शून्याने गुणून काम भागवलं. नवीन मुलाला हे माहीत नाही. तो कोरं सॉफ्टवेअर लिहील, दिसायला देखणं, आणि अकरा वर्षांत तुमच्या दुकानात जे जे घडलं ते सगळं त्याला पुन्हा एकेका चुकीतून शिकावं लागेल. फी दोन लाख, आणि शिकवणी तुमच्या शेतकऱ्यांच्या पट्टीवर.

मग करायचं काय? हे त्या मुलाला वाचून दाखवा.

सगळ्यात आधी जो कोड आहे, जसा आहे, तो गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा. एकही ओळ सुधारायच्या आधी. मग मागच्या दोन हंगामांतल्या तीनशे पट्ट्या काढायच्या. नुसत्या सोप्या नकोत. भिजलेला माल, अर्धा परत गेलेला माल, एकाच शेतकऱ्याच्या दोन गाड्या, क्रेट न परतवणारा, उचल घेतलेला, असे सगळे नग त्यात हवेत. ते मुनीम निवडेल, प्रोग्रॅमर नाही. या तीनशे पट्ट्या प्रोग्रॅमला पुन्हा करायला लावायच्या आणि निघालेले आकडे एका फाइलमध्ये जपून ठेवायचे. आकडे बरोबर आहेत की चूक हे आत्ता बघायचंच नाही. आज प्रोग्रॅम काय करतो एवढंच टिपून ठेवायचं. मग एक बदल करायचा, फक्त एक: चार्ज१चं नाव हमाली. तीनशे पट्ट्या पुन्हा चालवायच्या. एका पैशाचाही फरक नाही ना? गिटमध्ये नोंद करायची, चहा प्यायचा. पुढचा बदल: क्रेटचं भाडं चार्ज२मधून वेगळं. पुन्हा तीनशे. नावं सुधारणं आणि हिशोब बदलणं या दोन गोष्टी एका वेळी कधीच करायच्या नाहीत. नाहीतर फरक आला तर तो कुठल्या हाताने आला हे कळत नाही.

रोज दोन तास दिलेत तर दिवाळीपर्यंत तो कोड ओळखीचा होईल. तेव्हाही नवीन करावंसं वाटलं तर करा, पण तोवर वाटणार नाही असा माझा अंदाज आहे.

मॅडम, माझं भांडी बाजारात दुकान आहे. २२ सप्टेंबर २०२५ ला भांड्यांवरचा जीएसटी १२ चा ५ झाला. सॉफ्टवेअरवाल्याने रात्रीतून बदलून दिलं. पण आता ऑगस्टचं बिल पुन्हा छापलं तर त्यावरही ५ टक्के येतात. शिवाय डझनावर सूट द्यायचो ती पाच नगांवर मिळायला लागली! हे कसं झालं? – एक भांडी व्यापारी

हसू नये, पण हसले. तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याने ‘शोधा आणि बदला’ हे बटण दाबलं. जिथे जिथे १२ दिसला तिथे ५ केला. त्याला कर सापडला, तुमचा डझन सापडला. डिसेंबरही सापडला असेल, वर्षअखेरीचे अहवाल काढून पाहा.

कोडमध्ये नुसता १२ लिहिला की तो बारा टक्के, बारा नग की बारावा महिना हे यंत्राला कळत नाही, आणि सहा महिन्यांनी माणसालाही कळत नाही. ‘डझन = १२’ असं एकदा वर नाव देऊन ठेवलं असतं तर सूट वाचली असती.

कराचं दुखणं मात्र नाव देऊन संपत नाही. कराचा दर हा स्थिर आकडा नव्हेच. तो तारखेबरोबर चालणारा आकडा आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा आपण सगळे हे शिकलो होतो, किंवा शिकायला हवं होतं. दर प्रोग्रॅमच्या पोटात न ठेवता तक्त्यात ठेवायचे: वस्तूचा गट, दर, कधीपासून, कधीपर्यंत. २२ सप्टेंबरला जुन्या ओळीत ‘२१ सप्टेंबरपर्यंत’ लिहायचं आणि खाली नवीन ओळ टाकायची. जुनी ओळ पुसायची नाही. हे काम तुम्ही स्वतः करू शकता, रात्री कुणाला उठवायची गरज नाही. आणि बिल तयार होतं त्या क्षणी लागलेला दर त्या बिलाच्याच नोंदीत लिहून ठेवायचा, म्हणजे पुन्हा छापताना प्रोग्रॅम आजचा दर विचारायला जाणार नाही. ऑगस्टमध्ये १२ टक्क्यांनी विकलेली कळशी कुणी ऑक्टोबरमध्ये परत आणली तर क्रेडिट नोट १२ टक्क्यांचीच निघायला हवी. तुमची सध्या ५ ची निघत असणार. आज दुपारीच सीएंना फोन करा.

जाता जाता त्या सॉफ्टवेअरवाल्याला विचारा की रक्कम कशात साठवतोस. ‘फ्लोट’, म्हणजे अपूर्णांक ठेवायचा नेहमीचा प्रकार, म्हणाला तर त्याला ०.१ आणि ०.२ ची बेरीज कॉम्प्युटरवर करून दाखवायला सांगा. उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. यंत्र दशांश अपूर्णांक दोनाच्या घातांत मांडतं, तिथे ०.१ नेमका बसत नाही. पैसे पूर्णांकात ठेवायचे: साडेबारा रुपये म्हणजे १२५० पैसे. तांब्या-पितळेच्या दुकानात तोळ्यामाशाचा हिशोब चोख आणि बिलात एक पैसा इकडे-तिकडे, हे बरं दिसत नाही.

ताई, मी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये प्रत्येक ओळीवर कमेंट लिहिली नाही तर आमचे सर मार्क कापतात. इंटर्नशिपला गेले तर तिथले सीनिअर म्हणाले, चांगल्या कोडला कमेंट लागतच नाही. कुणाचं ऐकू? – पंचवटीची एक विद्यार्थिनी

मार्क मिळेपर्यंत सरांचं ऐक. मग दोघांचंही ऐकू नकोस.

कमेंट म्हणजे कोडमध्ये माणसासाठी लिहिलेली टीप, यंत्र ती वाचत नाही. ‘आय मध्ये एक मिळवला’ ही कमेंट म्हणजे बसवर ‘बस’ लिहिल्यासारखं आहे. त्याहून वाईट म्हणजे पुढच्या वर्षी कुणीतरी एकाचे दोन करतं आणि कमेंट तशीच राहते. मग वाचणाऱ्याला कळत नाही की खोटं कोण बोलतंय. तुझे सीनिअर तेवढ्यापुरते बरोबर आहेत. कोड काय करतो हे कोडनेच सांगावं, नावांतून. पण असं का करतो हे कोड कधीच सांगू शकत नाही. वर मी ४१०० ते ४१८६ ची गोष्ट सांगितलीय, ती वाच. त्या ओळीवर ‘युनिट बंद झाल्यावर घेतलेले कामगार, करारानुसार भत्ता कायम, टाइम ऑफिसला विचारल्याशिवाय काढू नये’ एवढं असतं तर माझी ती सकाळ वाचली असती, आणि सत्त्याऐंशी माणसांची.

नावांबद्दल एक सवय लावून घे, फुकट आहे: आकड्याच्या नावात त्याचं माप घाल. नुसतं ‘वजन’ नको, ‘वजन_किलो’ लिही. आपल्या जिल्ह्यात कांद्याचा भाव क्विंटलवर, टोमॅटोचा वीस किलोच्या क्रेटवर आणि द्राक्षाचा किलोवर. तिन्ही एका प्रोग्रॅममध्ये आले आणि नाव नुसतं ‘भाव’ असलं की एके दिवशी द्राक्षं क्विंटलच्या भावाने जातात. मोठमोठ्यांचं हे झालंय. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर २३ सप्टेंबर १९९९ ला मंगळापाशी पोहोचून हरवलं. जमिनीवरच्या एका प्रोग्रॅमने इंजिनाच्या धक्क्याचे आकडे पाउंड-फोर्स सेकंदात काढले आणि पुढच्याने ते न्यूटन-सेकंद समजून घेतले. दोन्हींत जवळपास साडेचार पटींचा फरक. एवढे महिने प्रवास करून यान ठरल्यापेक्षा फार खालून वातावरणात शिरलं. नावात माप असतं तर ते नक्की वाचलं असतं असं मी म्हणत नाही. पण कुणाच्या तरी डोळ्यांत खुपलं असतं.

फंक्शन, म्हणजे एक काम करणारा कोडचा तुकडा, किती ओळींचं असावं असंही तू विचारलंयस. ओळी मोजू नकोस. त्याचं काम मैत्रिणीला फोनवर सांग. ‘आणि मग’, ‘आणि मग’ असं तीनदा म्हणावं लागलं तर तोड.

वापरात नसलेला कोड मी कमेंट करून, म्हणजे यंत्र वाचणार नाही असा, ठेवतो, काढत नाही. उद्या लागला तर? – सिडकोतील एक प्रोग्रॅमर

काढा. माळ्यावर जुना पंखा ठेवतात तसं हे आहे, उद्या कधी येत नाही आणि झुरळं मात्र होतात. लिनस टोर्व्हाल्ड्सने २००५ मध्ये गिट लिहिलं, त्याला वीस वर्षं होऊन गेली. काढलेली प्रत्येक ओळ तिथे तारीखवार मिळते.

तुम्ही निदान कमेंट करून ठेवता. न वापरलेला कोड जिवंत ठेवणं त्याहून घातक. अमेरिकेत नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत एक जुनी सोय वर्षानुवर्षं वापरात नव्हती, पण कोडमध्ये होती. नवीन कामासाठी त्यांनी तिचाच जुना झेंडा, म्हणजे चालू-बंदची खूण, पुन्हा वापरला. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर चढला, आठव्यावर राहिला. १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी बाजार उघडला, झेंडा वर झाला आणि आठव्या सर्व्हरवर ते जुनं मढं उठून ऑर्डरी टाकत सुटलं. पाऊण तासात चव्वेचाळीस कोटी डॉलरच्या वर नुकसान. कंपनी स्वतंत्र म्हणून पुढे टिकली नाही.

टेस्ट लिहायला वेळ कुठे असतो? क्लायंट टेस्टचे पैसे देत नाही. – अंबडचे एक उद्योजक

क्लायंट तुमच्या रात्रीच्या फोनचेही पैसे देत नाही, तरी उचलताच ना. पैशांचा हिशोब होतो तेवढ्याच भागाला टेस्ट, म्हणजे उत्तर बरोबर येतं का हे तपासणारा छोटा कोड, लिहा आणि प्रत्येक तक्रार दुरुस्त करताना तिची एक टेस्ट ठेवून द्या. बाकीचं सध्या राहू दे.

आता एआय कोड लिहून देतो. मग नावं, कमेंट, हे सगळं जुन्या पिढीचं कौतुक उरलं नाही का? – नाशिक रोडचे एक वाचक

मी स्वतः वापरते. चाचणीचा रटाळ भाग तो माझ्यापेक्षा नीट लिहितो आणि कंटाळत नाही. तुमचा प्रश्न आला तेव्हा मला एक खोडी सुचली. १९९६ ची ती पगाराची अट, ४१०० ते ४१८६, आठवेल तशी लिहून मी त्याला दिली आणि म्हटलं, हा कोड स्वच्छ कर. त्याने आदबीने सांगितलं की ही अट अनावश्यक दिसते, बहुधा जुन्या तपासणीची असावी, आणि काढून टाकली. अगदी माझ्याच शब्दांत आणि माझ्याच आत्मविश्वासाने.

मग त्याच ओळीवर मी कराराची कमेंट लिहिली आणि पुन्हा दिलं. या वेळी त्याने सगळा कोड आवरला, त्या ओळीला हात लावला नाही, आणि खाली लिहिलं की हे टोकन नंबर प्रोग्रॅममध्ये न ठेवता तक्त्यात ठेवले तर बरं.